काम नेमकं कुठे झालं?

नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये दुपारी दीड वाजता एक मुलगी लॅपटॉप उघडते. तिला पगार देणारी कंपनी फ्रँकफर्टला आहे आणि हिवाळ्याचे दिवस असल्यामुळे तिथे आत्ता सकाळचे नऊ वाजलेत. ती एक ओळ लिहून एंटर दाबते. फ्रँकफर्टच्या एका इमारतीतल्या यंत्रात प्रोग्रॅममधली एक चूक दुरुस्त होते आणि जर्मनीतल्या कुणाचं तरी अडकलेलं बिल पुढे सरकतं.

अशी मुलं-मुली आता आपल्या नात्यात आहेत, सोसायटीत आहेत. त्यांच्याकडे बघताना मला एक प्रश्न सोडत नाही. हे काम नेमकं कुठे झालं? बोटं नाशिकला हलली, बदल जर्मनीत घडला, मधे अर्धं जग पसरलेलं. प्रश्न लहान मुलानं विचारावा तसा आहे, पण ज्याला विचारावं तो वेगळंच उत्तर देतो, आणि त्या उत्तरांच्या मागे जी व्यवस्था उभी आहे ती पाहिली की थक्क व्हायला होतं.

आधी त्या एंटरच्या मागोमाग जाऊ. नाशिकहून जमिनीखालच्या फायबरनं तो संदेश मुंबईला पोचतो. तिथे वर्सोव्यासारख्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबली जमिनीवर येतात. वर कोळ्यांच्या होड्या ओढलेल्या असतात आणि खाली वाळूत पुरलेल्या केबलमधून देशाचा परदेशाशी चाललेला बराचसा संवाद वाहत असतो. किनाऱ्याजवळ या केबलीवर पोलादी तारांचं चिलखत असतं, कारण तिला धोका नांगरांचा आणि मासेमारीच्या जाळ्यांचा. खोल समुद्रात नांगर पोचत नाही, तिथे चिलखत उतरतं आणि केबल बागेत पाणी घालायच्या पाइपाएवढीच उरते. तिच्या गाभ्यात केसाएवढ्या काचेच्या तंतूंच्या काही जोड्या असतात. बाकी सगळं त्या काचेला जपण्यासाठी आणि वीज वाहून नेण्यासाठी.

वीज कशाला? उजेड तर आपोआप धावतो! तर इथे मला सगळ्यात मोठं नवल वाटतं. काच कितीही शुद्ध केली तरी थोडा उजेड गिळतेच. ऐंशीएक किलोमीटर गेल्यावर सुरुवातीच्या उजेडाचे जेमतेम काही टक्के उरतात. म्हणून साधारण ६० ते १०० किलोमीटरवर केबलीत एक रिपीटर बसवलेला असतो. त्याच्यात काही मीटर लांबीचा खास तंतू असतो, ज्याच्या काचेत अर्बियम नावाच्या दुर्मीळ मूलद्रव्याचे अणू पेरलेले असतात. एक छोटा लेझर त्या अणूंना सतत ऊर्जा देऊन तयार ठेवतो. थकलेला संदेश तिथून जाताना त्याच्या प्रत्येक प्रकाशकणाच्या नुसत्या स्पर्शानं अर्बियमचा अणू आपल्याजवळची ऊर्जा सोडतो, आणि ती सोडतो तेही अगदी त्याच रंगाचा, त्याच दिशेनं जाणारा जुळा प्रकाशकण म्हणून. एकाचे दोन, दोनाचे चार. संदेश वाचावा लागत नाही, उजेडाची वीज करावी लागत नाही. हे तंत्र १९८७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटानं दाखवून दिलं. त्याआधीच्या प्रकाशकेबलींमध्ये दर टप्प्यावर उजेडाची वीज आणि विजेचा पुन्हा उजेड करावा लागे. अर्बियमच्या त्या लेझरांना लागणारी वीज दोन्ही किनाऱ्यांवरून हजारो व्होल्टच्या दाबानं केबलीतच सोडलेली असते, आणि समुद्रतळाच्या अंधारात हे रिपीटर पंचवीस-पंचवीस वर्षं कुणी हात न लावता चालावेत अशा बेतानं घडवलेले असतात.

काचेत उजेडाचा वेग सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर. मुंबईहून फ्रान्सच्या मार्सेय बंदरापर्यंतची सागरी वाट वळणावळणांनी दहा हजार किलोमीटरची धरली, तर जायला एका सेकंदाचा विसावा भाग लागतो. जाऊन परत यायला दहावा. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

आणि ही वाट कोणती? अरबी समुद्र, एडनचं आखात, तांबडा समुद्र, मग इजिप्तची जमीन ओलांडून भूमध्य समुद्र. १८७० साली मुंबई इंग्लंडशी पहिल्यांदा सागरी तारेनं जोडली गेली ती याच वाटेनं. 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळचं जगातलं सर्वांत मोठं जहाज मुंबईहून तार सोडत सोडत एडनला गेलं, तिथून तार सुएझला पोचली, आणि त्याच वर्षी पुढे माल्टा, जिब्राल्टरमार्गे कॉर्नवॉलच्या पोर्थकर्नो नावाच्या लहानशा गावात ती इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. तांब्याच्या जागी काच आली, मोर्सच्या कट-कडकटच्या जागी उजेड आला, दीडशे वर्षं उलटली, पण वाट तीच राहिली. समुद्राचा आकार बदलत नाही.

त्यामुळे वाटेवरची अरुंद गल्लीही तीच आहे. ६ सप्टेंबर २०२५ ला जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात काही केबली तुटल्या. त्यांत सी-मी-वी ४ होती आणि भारतातून युरोपला जाणारी आय-एम-ई-डब्ल्यू-ई होती. भारत, पाकिस्तान आणि आखाती देशांत इंटरनेट मंदावलं. अशा वेळी संदेश थांबत नाहीत, ते दुसरी वाट शोधतात. कधी कधी पूर्वेकडे सिंगापूर, पॅसिफिक, अमेरिका, अटलांटिक अशी पृथ्वीची उलटी प्रदक्षिणा घालून युरोपात पोचतात. नाशिकच्या मुलीला यातलं काहीच दिसत नाही. तिला फक्त एवढंच जाणवतं, की आज मीटिंगमध्ये सगळे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतायत.

हे का होतं तेही सांगायलाच हवं. २००९ साली नेदरलँड्सच्या मॅक्स प्लांक मानसभाषाशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या दहा भाषा बोलणाऱ्यांची रोजची संभाषणं मोजून पाहिली. एकाचा प्रश्न संपला आणि दुसऱ्याचं उत्तर सुरू झालं यामधलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढं निघालं. भाषाभाषांत थोडा फरक, पण सगळ्या याच्या आसपासच. आता मनात एखादा शब्द जुळवून तोंडातून काढायला आपल्याला सेकंदाच्या निम्म्याहून अधिक वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज घेऊन आपण आपलं उत्तर तयार करायला घेतो. घरातल्या गप्पांमध्ये हे इतकं सफाईनं चालतं की कुणाच्या ध्यानातही येत नाही. केबलीतला दहावा भाग त्यात मिसळला, वर आवाजाची बारीक पाकिटं करून पाठवण्या-जुळवण्याचा वेळ आला, की शांततेचा अर्थ लावताना चूक व्हायला लागते. समोरून उत्तर येत नाही असं वाटून आपण बोलायला घेतो आणि नेमकं तेव्हाच त्याचं उत्तर येऊन थडकतं. मग दोघंही थांबतात, "तुम्ही बोला, तुम्ही बोला" होतं. जर्मन माणूस तुटक आहे किंवा भारतीय माणूस मधेच तोंड घालतो असे गैरसमज अशा मीटिंगांतून किती तयार होत असतील, आणि त्यातला किती भाग निव्वळ काचेतल्या उजेडाच्या वेगाचा असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

याआधीच्या पिढीनं तर याहून मोठी फट सोसली. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वी नावाचं गाव आहे. तिथे १९७१ साली देशाचं परदेशी दळणवळणासाठीचं उपग्रह-केंद्र उभं राहिलं. पुढे त्याला विक्रम साराभाईंचं नाव दिलं गेलं. तिथली अवाढव्य तबकडी हिंदी महासागरावर जवळजवळ ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेल्या उपग्रहाकडे तोंड करून असायची. आवाज तिथवर जाणार, तिथून खाली येणार, म्हणजे एका बाजूनंच पाव सेकंद. प्रश्न विचारून उत्तर ऐकेपर्यंत अर्धा. परदेशातल्या मुलाशी ट्रंक कॉलवर बोलणाऱ्या आई-वडिलांच्या त्या अवघडलेल्या थांबण्यात आभाळाची उंची होती.

आर्वीच्याही आधी, १९२७ च्या जुलैमध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यातली बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिचे संदेश खडकीहून निघत आणि तिकडून येणारे दौंडला झेलले जात. आणि आर्वीनंतर, १९९० साली सॉफ्टवेअर परदेशी पाठवण्यासाठी देशात जी पहिली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स निघाली त्यांत बंगळूर आणि भुवनेश्वरबरोबर पुणं होतं. खडकी, दौंड, आर्वी, पुणं. एकाच जिल्ह्यानं शंभर वर्षांत वेगवेगळ्या तंत्रांनी परदेशाशी बोलणं केलं. दौंडला गाडी बदलणाऱ्या किती प्रवाशांना हे माहीत असेल!

उजेडाचं अंतर असं जवळजवळ मिटलं. घड्याळाचं मात्र मिटत नाही, कारण ते पृथ्वीच्या फिरण्याचं आहे. नाशिक आणि फ्रँकफर्टमध्ये हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेतीन. युरोपची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे सरकतात आणि अमेरिकेची मार्चच्या दुसऱ्याच रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत तीन देशांच्या मीटिंगची वेळ कुणाच्याच अंगवळणी पडत नाही. फोनवरचं कॅलेंडर मात्र सहसा चुकत नाही, कारण त्याच्या मागे जगभरच्या स्थानिक वेळांची एक सामायिक नोंदवही आहे. कुठल्या देशानं कोणत्या तारखेला घड्याळ किती सरकवलं हे तीत लिहिलेलं असतं, आणि ती स्वयंसेवक सांभाळतात. एखाद्या सरकारनं ऐनवेळी वेळ बदलायचं ठरवलं की ही मंडळी नोंद दुरुस्त करतात आणि कोट्यवधी यंत्रं ती उचलतात.

कामाच्या वेळेवर दुसऱ्याचं घड्याळ लादलं जाणं हे मुंबईला नवीन नाही. ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ १९०६ साली आली तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. म्हणजे सूर्य होता तिथेच राहिला आणि घड्याळ ३९ मिनिटं पुढे गेलं. जानेवारी १९०६ मध्ये गिरणी कामगार याविरुद्ध रस्त्यावर उतरले. मुंबईची ती वेगळी वेळ शहराच्या काही भागांत १९५५ पर्यंत टिकून होती. आज अमेरिकी कंपनीसाठी रात्री अडीचपर्यंत जागणारा मुलगा त्या ३९ मिनिटांपेक्षा कितीतरी जास्त देतो, आणि रस्त्यावर उतरायला त्याच्याबरोबर कुणीच नसतं, कारण त्याचे सहकारी दहा देशांतल्या दहा खोल्यांत बसलेले असतात. मला हा तोटा पगारातल्या कुठल्याही तोट्याहून मोठा वाटतो.

पगार कसा येतो हे थोडक्यात. फ्रँकफर्टहून युरो निघून नाशिकला येतात असं आपल्याला वाटतं. खरं तर युरो युरोप सोडतच नाहीत. आपल्या बँकेचं युरोपातल्या एखाद्या बँकेत युरोचं खातं असतं, बँकवाले त्याला नॉस्ट्रो म्हणतात. कंपनीचे युरो त्या खात्यात जमा होतात, तसा निरोप येतो, आणि आपली बँक इथे रुपये देते. निरोप नेणारी स्विफ्ट ही संस्था १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झाली. ती पैसे हलवत नाही, फक्त कोणी कोणाला किती द्यायचे ते सांगते. सीमा ओलांडतो तो निरोप, पैसा नव्हे.

आता कायद्याला विचारू, की काम कुठे झालं. आणि इथे खरी गंमत आहे. नाशिकची ती मुलगी कंपनीची नोकरदार नसून स्वतंत्रपणे सेवा देत असेल, बिल पाठवत असेल, असं धरू. आयकर खातं म्हणतं, तू नाशिकला बसून काम केलंस, तेव्हा हे उत्पन्न इथलं. जीएसटीचा कायदा त्याच कामाकडे बघून म्हणतो, सेवा घेणारा जर्मनीत आहे, तेव्हा या सेवेचं पुरवठ्याचं ठिकाण जर्मनी. पैसे परकीय चलनात आले आणि बाकीच्या अटी जमल्या, तर ही निर्यात, आणि तिच्यावर कर शून्य. एकच टेबल, एकच दुपार, एकच सरकार, आणि एका कायद्यानुसार काम नाशिकला झालं तर दुसऱ्यानुसार जर्मनीत. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. आयकर माणसाच्या कमाईवर आहे, माणूस जिथल्या रस्त्यांवरून चालतो, जिथल्या दवाखान्यात जातो तिथे त्यानं वाटा द्यावा हे न्यायाचं आहे. जीएसटी वापरावर आहे, आणि वापर तिकडे झाला.

खुर्ची कुठे आहे यावर सगळं ठरतं म्हटल्यावर खुर्ची हलवली की काय होतं? हे पाहायचं तर लक्झेंबर्गला जावं. त्या चिमुकल्या देशातले जवळपास निम्मे नोकरदार रोज फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून सीमा ओलांडून येतात. जर्मनीतल्या ट्रियर शहरात राहणारा माणूस लक्झेंबर्गच्या बँकेत काम करतो आणि कर लक्झेंबर्गला देतो. तो एक दिवस घरून काम करतो. त्या दिवसाचं काम जर्मनीत झालं, मग त्या दिवसाचा कर जर्मनीचा! हे टाळायला दोन्ही देशांनी करार करून ठेवलाय. २०२४ पासून वर्षात ३४ दिवसांपर्यंत लक्झेंबर्गबाहेर काम केलं तर कर लक्झेंबर्गचाच. पस्तिसावा दिवस झाला की सवलत संपते, आणि नुसत्या पस्तिसाव्या दिवसापुरती नव्हे, पहिल्या दिवसापासूनचे सगळे दिवस जर्मनीच्या हिशेबात जातात. पाऊस पडतोय म्हणून डिसेंबरात घरी थांबलेल्या माणसाच्या एका दिवसाला केवढं वजन! सामाजिक विम्याचा हिशेब पुन्हा निराळा. त्यासाठी युरोपातल्या अनेक देशांनी जुलै २०२३ पासून मान्य केलेल्या करारात मर्यादा दिवसांची नसून निम्म्या कामाच्या वेळेची आहे. म्हणजे त्याच माणसाचा कर एका देशात आणि विमा दुसऱ्या देशात असं होऊ शकतं.

आपल्याकडे हा प्रश्न उलट्या बाजूनं येतो. नवऱ्याला म्युनिकला नोकरी लागली, बायको पुण्याच्या कंपनीत दहा वर्षं रुळलेली. ती म्हणते, काम तर लॅपटॉपवरच आहे, मी तिथून करीन. मॅनेजर आनंदानं हो म्हणतो. मग फाइल एचआरकडे जाते आणि अडकते. बाहेरून हा खडूसपणा वाटतो, पण आतली अडचण खरी आहे. ती म्युनिकला बसून काम करू लागली की ते काम जर्मनीत झालं. जर्मनीचा आयकर लागतो, तिथला आरोग्य आणि निवृत्तीचा विमा लागतो, आणि त्यासाठी पुण्याच्या कंपनीला जर्मनीत मालक म्हणून नोंदणी करावी लागू शकते. भारत आणि जर्मनीत सामाजिक सुरक्षेचा करार आहे, आपल्या पीएफ कार्यालयाकडून त्यासाठी प्रमाणपत्रही मिळतं, पण ती सोय मुख्यतः कंपनीनं स्वतः तिकडे पाठवलेल्या माणसासाठी. संसारासाठी गेलेल्या बाईला कंपनीनं पाठवलेलं नसतं.

त्याहून मोठी भीती वेगळीच असते. तिच्या म्युनिकच्या खोलीला जर्मनीचं कर खातं कंपनीची शाखा समजेल का? समजलं, तर कंपनीच्या नफ्याचा एक तुकडा तिथे करपात्र होतो. स्वयंपाकघराशेजारचं एक टेबल एका कंपनीला दुसऱ्या देशात उभं करू शकतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ओईसीडी या संघटनेनं आपल्या नमुना कर-करारावरच्या भाष्यात याचं उत्तर द्यायचा प्रयत्न केला. बारा महिन्यांत कामाच्या एकूण वेळेतला निम्म्याहून कमी वेळ त्या घरून काम होत असेल, तर सहसा ते घर कंपनीचं ठिकाण धरायचं नाही. त्याहून जास्त असेल, तर तो माणूस त्या देशात असण्यामागे कंपनीचं काही व्यापारी कारण आहे का ते बघायचं.

यातून वाट म्हणून तिसरी कंपनी मधे येते. ती त्या देशात नोंदलेली असते, कागदोपत्री नोकरी ती देते, कर आणि विमा तीच भरते, काम मात्र मूळ कंपनीचं. तिला एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड म्हणतात. दुसरी वाट स्वस्त आणि जास्त वापरातली: माणसाला कंत्राटदार म्हणायचं. मग पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, बाळंतपणाची रजा नाही. वर्षानुवर्षं एकाच साहेबाच्या हाताखाली, ठरलेल्या वेळेत, विचारून सुट्टी घेणाऱ्याला कंत्राटदार म्हणणं ही लबाडी आहे, आणि दूर देशातल्या माणसाबरोबर ती सहज खपते म्हणून जास्त वाईट आहे.

परक्या देशात बसून लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी एस्टोनियानं २०२० साली खास व्हिसा काढला, बार्बाडोसनं त्याच वर्षी, पुढे पोर्तुगाल, स्पेन, मलेशिया, जपान, थायलंड. हे व्हिसा त्या देशात बसून परदेशी मालकाचं काम करायला परवानगी देतात. कर, विमा आणि मालकाची जबाबदारी यांचा हिशेब मात्र बहुतेक वेळा वेगळाच मांडावा लागतो.

कायद्याला अशी माणसं अगदीच अनोळखी आहेत असंही नाही. रत्नागिरी, रायगड आणि गोव्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या परदेशी कंपन्यांच्या बोटींवर काम करत आलेत. मालक एका देशाचा, जहाजावर झेंडा दुसऱ्याचा, माल तिसऱ्याचा आणि काम भर समुद्रात, जिथे कुठलाच देश नाही. त्यांच्यासाठी नियम घडले. प्रत्येक खलाशाजवळ सीडीसी नावाची एक पुस्तिका असते, तीत तो जहाजावर चढला कधी आणि उतरला कधी ते नोंदवलेलं असतं. परदेशी प्रवासावरच्या जहाजांवर काम करणाऱ्या भारतीय खलाशांचे देशाबाहेरचे दिवस २०१५ पासून त्याच नोंदींवरून मोजले जातात, आणि त्या वर्षी तो माणूस करासाठी इथला रहिवासी आहे की नाही ते त्यावरून ठरतं.

लॅपटॉपवाल्यांसाठी अशी पुस्तिका अजून कुणी छापलेली नाही. त्यांच्या नोंदी विमानाच्या तिकिटांत, पासपोर्टवरच्या शिक्क्यांत आणि ऑफिसच्या सर्व्हरवरच्या लॉगिनमध्ये विखुरलेल्या असतात. म्हणून अशी परवानगी देणाऱ्या कंपन्या हल्ली कामाच्या तासांबरोबर आणखी एक रकाना भरून घेतात: या महिन्यात कोणत्या देशात किती दिवस.